कार्ड पुसण्याआधी पडदा वाचा

पत्राचा सारांश: फोंडा तालुक्यातील एका तिशीतल्या वाचकांचे मामा तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारे, होते. त्यांनी २०१३ साली इंग्लंडहून निन्टेन्डोचा थ्रीडीएस एक्सएल हा हातात धरून खेळायचा गेम कन्सोल आणला. वाचकांनी पुढे त्यावर स्वतः कस्टम फर्मवेअर, म्हणजे कंपनीच्या प्रणालीत फेरफार करणारे बाहेरचे सॉफ्टवेअर, बसवले आणि दोन वर्षांपूर्वी तो वास्कोला राहणाऱ्या बहिणीच्या, आता बारा वर्षांच्या असलेल्या मुलाला दिला. जुलैमध्ये भाच्याच्या वाढदिवसासाठी मेनूची सजावट बदलणारी नवी थीम घालून द्यावी म्हणून त्यांनी कन्सोल घरी आणला, त्यातले मेमरी कार्ड संगणकाला जोडले आणि फाइली उतरत असतानाच वीज गेली. तेव्हापासून कन्सोल सुरू केला की मेनूऐवजी लाल शीर्षकाचा, आकड्यांनी भरलेला पडदा येतो. मडगावच्या एका दुरुस्तीवाल्याने ‘बोर्ड गेला, साडेतीन हजार पडतील’ असे सांगितले. एका मित्राचा सल्ला असा की सगळे फॉरमॅट करून नव्याने बसवावे. बहीण म्हणते की हॅक केलेली वस्तू मुलाच्या हाती द्यायचीच नव्हती. भाच्याला मात्र ‘बॅटरी बिघडली आहे, नवी मागवली आहे’ असे सांगून ठेवले आहे. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, सगळे मूळ घरी जमणार आहेत. त्याआधी गुपचूप सगळे पुसून कन्सोल चालू करावा आणि साठवलेले खेळ ‘आपोआप गेले’ असे सांगावे, की दुसरा जुना कन्सोल शोधून विकत घ्यावा, हे त्यांना ठरवता येत नाही.

प्रिय वाचक,

तुमच्या पत्रातली सर्वांत उपयोगी ओळ तुम्ही अगदी सहज लिहून गेला आहात. पडद्यावर काय दिसते हे सांगताना तुम्ही म्हणता की ‘प्रोसेसर’पुढे ‘एआरएम ११’, ‘एक्सेप्शन टाइप’पुढे ‘डेटा अबॉर्ट’ आणि ‘करंट प्रोसेस’पुढे ‘मेनू’ असे लिहिलेले आहे. दुरुस्तीवाल्याचे, मित्राचे आणि बहिणीचे अशी तीन निदाने तुमच्याकडे जमली आहेत, पण या तिघांपैकी कोणी तो पडदा वाचल्याचे तुमच्या पत्रात कुठे दिसत नाही. आपण तिथूनच सुरुवात करू.

हा पडदा निन्टेन्डोचा नाही. तो लूमा थ्रीडीएसचा, म्हणजे तुम्ही स्वतः बसवलेल्या कस्टम फर्मवेअरचा आहे. कन्सोलचे बटण दाबल्यापासून मेनू दिसेपर्यंत काय घडते ते एकदा नजरेखालून घाला. आधी चिपमध्येच कोरलेला बूटरॉम हा पहिला प्रोग्राम चालतो. तो अंतर्गत मेमरीतले बूटनाइनस्ट्रॅप उचलतो. बूटनाइनस्ट्रॅप कार्डाच्या मुळाशी ठेवलेली ‘बूट डॉट फर्म’ ही फाइल शोधते, आणि ती फाइल म्हणजेच लूमा. लूमा निन्टेन्डोच्या प्रणालीत आपले फेरफार करून ती चालू करतो, आणि सर्वांत शेवटी होम मेनू नावाचा एक प्रोग्राम सुरू होतो. तुमच्या पडद्यावर ‘मेनू’ हा शब्द आहे, याचा अर्थ आधीचे सगळे टप्पे सुखरूप पार पडले आणि शेवटच्या प्रोग्रामला वाचायला जे हवे होते ते त्याला नीट वाचता आले नाही. फोंड्याहून सुटलेली बस मार्दोळ, बाणस्तारी, जुने गोवे मागे टाकून पणजीच्या कदंब स्थानकाच्या फाटकात बंद पडावी, तसा हा प्रकार आहे. अशा वेळी ‘इंजिनच नाही’ असे म्हणणाऱ्याला साडेतीन हजार रुपये देण्याची घाई करू नये. ज्या कन्सोलने दोन्ही पडद्यांवर अक्षरे उमटवून आपल्या अपघाताची नोंद लिहून दाखवली, त्याचा बोर्ड बहुधा शाबूत आहे.

आता तुमच्या मनातल्या दुसऱ्या गृहीतकाकडे येतो. तुमच्या पत्रात अपराधीपणाचा सूर आहे आणि तो बहिणीच्या बोलण्याने अधिक गडद झालेला दिसतो. कस्टम फर्मवेअर घातले म्हणून कन्सोल ‘खाल्ला गेला’, असे तुम्हाला वाटते. मला तसे वाटत नाही. या कन्सोलवर प्रदेशाचे कुलूप होते. युरोपात घेतलेल्या यंत्रावर जपान किंवा अमेरिकेतली कार्ट्रिज, म्हणजे खाचेत घालायचे विकतचे खेळ, चालत नसत. आपल्याकडे तर नातेवाईक जिथून जे आणतील त्यावर घर चालते, त्यामुळे ते कुलूप काढणे हे या फर्मवेअरचे एक अगदी रास्त प्रयोजन ठरते. तुमच्या बाबतीत बिघाडाचे कारण तुम्हीच लिहिले आहे, फक्त त्याला कारण म्हटलेले नाही: कार्डावर लेखन चालू असताना वीज गेली. कार्डावर फॅट३२ ही जुनी मांडणी असते आणि अर्धवट राहिलेले लेखन मागे फिरवता येईल अशी नोंदवही तिच्यात नसते. शिवाय कार्डातली चिप मजकूर मोठ्या ठोकळ्यांनी पुसून पुन्हा लिहिते, त्यामुळे ऐन त्या क्षणी वीज तुटली तर ज्या फाइलीला तुम्ही हातही लावला नव्हता तिचेही नुकसान होऊ शकते. अगदी मूळ, न बदललेल्या कन्सोलच्या कार्डाचेही त्या दुपारी हेच झाले असते. फरक इतकाच की तिथे काळा पडदा दिसला असता आणि कोणता प्रोग्राम कोसळला हे तुम्हाला कोणी सांगितले नसते.

थीमलाही मी निर्दोष ठरवीन. तुम्ही तिची फाइल कार्डावरच्या ‘थीम्स’ फोल्डरमध्ये उतरवत होता. ती बसवण्याची पायरी आलीच नव्हती, आणि बसवल्याशिवाय मेनू तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. म्हणून ‘ती थीम काढून टाकली, तरी पडदा जात नाही’ या तुमच्या तक्रारीचे मला नवल वाटत नाही.

सर्वांत जास्त काळजी मला तुमच्या मित्राच्या सल्ल्याची वाटते, कारण ‘फॉरमॅट’ या एका शब्दात दोन अगदी वेगळी कामे दडलेली आहेत. एक म्हणजे संगणकावर कार्ड फॉरमॅट करणे. त्याने कार्डावरचे सगळे जाते, पण आधी प्रत काढलेली असेल तर ते परत आणता येते. दुसरे म्हणजे कन्सोलच्या सेटिंग्जमधून संपूर्ण सिस्टम फॉरमॅट करणे. कार्डावर ‘निन्टेन्डो थ्रीडीएस’ नावाचा जो फोल्डर असतो त्यातला सगळा मजकूर त्या एका कन्सोलच्या किल्लीने कूटबद्ध केलेला असतो. सिस्टम फॉरमॅट केले की ती किल्ली बदलते. त्यानंतर तुमच्याकडे कार्डाची कितीही सुबक प्रत असली तरी कन्सोल तिला ओळखणार नाही, आणि भाच्याने दोन वर्षे खेळून साठवलेले सारे कडीकुलपात पडून राहील. मेनू उघडत नसल्यामुळे आज तुम्हाला सेटिंग्जपर्यंत पोचता येत नाही, हे एका परीने बरेच आहे. उद्या कार्ड काढल्यावर मेनू उघडला आणि मित्राचा सल्ला आठवला, तर तो पर्याय निवडू नका.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगतो. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची आणि कन्सोल चालू करून पाहायचे, एवढा एक नियम पाळा. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि कन्सोल चालू झाला, तर कशामुळे झाला हे कळत नाही आणि पुढच्या वेळी तुम्ही पुन्हा अंधारातच राहता.

आधी त्या पडद्याचे मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवा. मग कन्सोल बंद करून उजव्या बाजूच्या खाचेतले कार्ड काढा आणि कार्डाशिवाय कन्सोल चालू करा. ज्यांनी फर्मवेअर बसवताना ‘बूट डॉट फर्म’ची एक प्रत अंतर्गत मेमरीतही ठेवली असेल, त्यांचा कन्सोल कार्डाविना मेनूपर्यंत पोचतो. तसा पोचला तर दोष कार्डावर आहे यात शंका राहत नाही आणि दुरुस्तीवाल्याचे निदान तिथेच निकालात निघते. तशी प्रत ठेवली नसेल तर कार्डाशिवाय कन्सोल चालूच होणार नाही. पण त्यावरून तो मेला असे समजू नका, कारण तिथे उचलायला फाइलच नसते.

यानंतर कार्ड संगणकाला लावा आणि त्यावरचे सर्व काही, लपलेल्या फाइलींसकट, संगणकावरच्या एका फोल्डरमध्ये उतरवून घ्या. कार्ड लावताच विंडोज ‘यात अडचण आहे, तपासून दुरुस्त करू का’ असे विचारील. तेव्हा नकार द्या. ती दुरुस्ती वाईट हेतूची नसते, पण तुटलेल्या साखळ्यांचे तुकडे ती निनावी फाइलींच्या रूपात एका नव्या फोल्डरमध्ये टाकून देते, आणि मग कोणता तुकडा कोणत्या खेळाचा होता हे शोधणे जवळजवळ अशक्य होते. आधी प्रत, मग दुरुस्ती. प्रत काढताना एखाद्या फाइलीवर संगणक अडला तर तिचे नाव आणि ती कुठल्या फोल्डरात होती ते कागदावर लिहा आणि ती सोडून पुढे जा. ती अडलेली जागाच बहुतेक वेळा गुन्हेगाराचा पत्ता असतो.

इथे थोडे विषयांतर करतो, पण ते गोव्यात राहणाऱ्यांच्या कामाचे आहे. तुमच्या कन्सोलला मोठ्या आकाराचे एसडी कार्ड लागते आणि बहुतेक लोक त्यात अडॅप्टर घालून मायक्रो एसडी वापरतात. आपल्या पावसाळ्यात कपाटातल्या चामडी पट्ट्यालाही बुरशी येते, तिथे त्या अडॅप्टरच्या पातळ पट्ट्या कोरड्या राहतील अशी अपेक्षा कशी करावी? माझ्याकडे एकदा एक कार्ड महिनाभर ‘मेले’ म्हणून बाजूला पडले होते. अडॅप्टर बदलल्यावर ते त्याच क्षणी जिवंत झाले. म्हणून नवा अडॅप्टर घ्या, त्याच्या बाजूची कुलपाची कळ खाली घसरलेली नाही ना ते पाहा, आणि ओल घालवण्यासाठी कन्सोल तांदळाच्या डब्यात पुरून ठेवू नका. तांदळाची पूड खाचेत जाते. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरतात.

प्रत सुरक्षित झाली की कार्ड पुन्हा कन्सोलमध्ये घाला, सिलेक्ट बटण दाबून धरा आणि कन्सोल चालू करा. लूमाच्या सेटिंग्जचा पडदा येईल. बाहेरील फर्म आणि मॉड्यूल वापरण्याचा पर्याय तिथे चालू असेल तर तो बंद करा. तुम्हाला त्याची गरज नाही, आणि कार्डावरच्या ‘लूमा’ फोल्डरात जुने मॉड्यूल पडलेले असले तर नेमका सुरू होतानाच घात होतो. त्याने फरक पडला नाही, तर संगणकावर कार्डावरच्या ‘निन्टेन्डो थ्रीडीएस’ या फोल्डरचे नाव तात्पुरते बदला, शेवटी ‘जुना’ असा शब्द जोडला तरी चालेल, आणि पुन्हा चालू करून पाहा. मेनू उघडेल, पण तो रिकामा असेल. एकही खेळ दिसणार नाही, आणि ते पाहून छातीत धस्स होईल. घाबरू नका आणि त्या अवस्थेत कन्सोलवर काहीही पुसू नका. कन्सोलने स्वतःसाठी एक नवा कोरा फोल्डर तयार केलेला असतो, इतकेच. कन्सोल बंद करून तो कोरा फोल्डर काढून टाका आणि जुन्याचे नाव पूर्ववत करा. एवढ्या एका प्रयोगाने तुम्हाला कळलेले असते की यंत्र, फर्मवेअर आणि प्रणाली ठीक आहेत आणि दोष त्या एका फोल्डरात आहे.

तुमचा पडदा ‘मेनू’ म्हणत असल्यामुळे त्या फोल्डरात नेमके कुठे पाहावे हेही सांगता येते. आत लांबलचक नावांचे दोन फोल्डर एकात एक असतात, त्यांच्या आत ‘एक्स्टडेटा’ आणि त्याच्या आत आठ शून्यांचा एक फोल्डर. तिथे ज्या फोल्डरचे नाव ‘९८’ने संपते तो युरोपीय कन्सोलच्या होम मेनूचा स्वतःचा मजकूर, आणि ‘२सीई’ने संपणारा थीमचा. अमेरिकी कन्सोलवर हेच अनुक्रमे ‘८एफ’ आणि ‘२सीडी’, तर जपानी कन्सोलवर ‘८२’ आणि ‘२सीसी’ असतात. यांतला थीमचा फोल्डर आधी कार्डावरून उचलून संगणकावर ठेवा आणि कन्सोल चालू करून पाहा. नाही जमले तर तो परत ठेवून मेनूचा उचला. माझा संशय दुसऱ्यावर अधिक आहे. तो काढल्याने खेळ किंवा त्यातली प्रगती जात नाही. चौकोनांची मांडणी आणि केलेले गट तेवढे मोडतात आणि सगळे खेळ पहिल्यांदाच आल्यासारखे भेटवस्तूच्या वेष्टनात दिसतात.

मेनू उघडला की काम झाले असे समजू नका, कारण कार्डाची मांडणी अजूनही जखमी आहे. आता कार्ड फॉरमॅट करण्याची वेळ येते, म्हणजे तुमच्या मित्राचे औषध बरोबर होते, फक्त ते शेवटी घ्यायचे होते. त्याआधी कार्ड खोटे किंवा थकलेले नाही ना, हे विंडोजवरच्या एच२टेस्टडब्ल्यू या छोट्या प्रोग्रामने तपासा. तो रिकामी जागा पूर्ण भरतो आणि पुन्हा वाचून ताडून पाहतो. त्याला कित्येक तास लागतात, म्हणून रात्री लावून झोपा. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या ‘१२८ जीबी’च्या कार्डात प्रत्यक्षात त्याच्या पाव जागाही नसते असे प्रकार घडतात, आणि अशा कार्डावर पहिले काही महिने सगळे सुरळीत चालते, हाच त्यातला कावा असतो. तपासात एकही चूक निघाली तर कार्ड बदला. ठीक निघाले तर ते फॅट३२ मध्ये, ३२ केबीच्या ठोकळ्यांनी फॉरमॅट करा. ६४ जीबी आणि त्यापुढची कार्डे दुकानातून एक्सफॅट मांडणीत येतात आणि ती या कन्सोलला वाचता येत नाही. विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी एवढ्या मोठ्या कार्डाला फॅट३२ देत नसेल तर त्यासाठीचा वेगळा छोटा प्रोग्राम वापरावा लागतो. मग संगणकावरची प्रत, ते दोषी फोल्डर वगळून, परत उतरवा.

एक पायरी मी मुद्दाम मागे ठेवली आहे. तुमच्याकडे गॉडमोडनाइन हे फाइली हाताळण्याचे साधन असेलच, कारण फर्मवेअर बसवतानाच ते सहसा कार्डावर येते. स्टार्ट बटण दाबून धरून कन्सोल चालू केला की ते उघडते, आणि त्यासाठी होम मेनू चालण्याची गरज नसते. तिथून कार्डावरचा कूटबद्ध मजकूर उलगडून पाहता येतो आणि एखाद्या खेळाची साठवलेली प्रगती वेगळी काढून ठेवता येते. म्हणजे वरचे सगळे उपाय फसले तरी भाच्याचे खेळ वाचवण्याचा एक दरवाजा उघडा राहतो. त्याच गॉडमोडनाइनने अंतर्गत मेमरीची प्रत घेता येते. तुमच्या कन्सोलसाठी ती साधारण ९४३ एमबीची फाइल होते. तुम्ही चार वर्षांपूर्वी ती काढली होती असे लिहिता, पण ती घाईने परत चढवू नका. बिघाड कार्डावर आहे, आणि निरोगी अवयवावर शस्त्रक्रिया करू नये.

तुमचे पत्र एका बाबतीत गप्प आहे: भाचा खेळतो ते खेळ कार्ट्रिजवरचे आहेत की कार्डावर उतरवलेले? कार्ट्रिजवरच्या बहुतेक खेळांची प्रगती कार्ट्रिजमध्येच राहते. तसे असेल तर तुम्ही ज्या नुकसानीच्या भीतीने महिनाभर नीट झोपला नाहीत ते नुकसान झालेलेच नाही, आणि हे तपासायला दुसऱ्या कोणाचा तरी तसाच कन्सोल दोन मिनिटे हाती लागला तरी पुरे.

याच प्रश्नावरून दुसरा कन्सोल विकत घेण्याचा पर्यायही तोलता येतो. निन्टेन्डोने या कन्सोलचे उत्पादन २०२० साली थांबवले, त्याचे ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ रोजी खरेदीसाठी बंद झाले आणि ऑनलाइन खेळण्याची सेवा ८ एप्रिल २०२४ रोजी संपली. आता जे मिळेल ते कोणीतरी वापरलेले असेल, कदाचित चढ्या भावाचे असेल, आणि भाच्याचे कार्ड त्यात घातले तर किल्ली वेगळी असल्यामुळे ते खेळ तिथे उघडणार नाहीत. म्हणजे पैसे जातील आणि मुलाला जे हवे आहे ते मिळणार नाही. हा पर्याय मी कन्सोलचा पडदा फुटला असता तर सुचवला असता.

ज्या वाचकांची लक्षणे याहून वेगळी आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. बटण दाबल्यावर निळा दिवा क्षणभर लागतो, स्पीकरमधून ‘टप्’ असा आवाज येतो आणि सगळे विझते, असे होत असेल तर बिजागरीतून जाणारी पडद्याची पट्टी सुटलेली किंवा तुटलेली असण्याची शक्यता मोठी आहे. तिथे कार्डाशी खेळत बसू नका. त्यासाठी हात बसलेला कारागीरच हवा. पाठीमागचे झाकण फुगलेले दिसले तर बॅटरी सुजली आहे. कन्सोल चार्जिंगला लावू नका. पडद्यावर ‘एआरएम ११’ऐवजी ‘एआरएम ९’ लिहिलेले असेल, तर पहिला संशय ‘बूट डॉट फर्म’वर घ्या आणि लूमाच्या निर्मात्यांनी प्रसिद्ध केलेली ताजी फाइल जुन्या फाइलीच्या जागी ठेवा. विशेषतः निन्टेन्डोचे प्रणालीचे अद्यतन स्वीकारले पण लूमा वर्षानुवर्षे जुनाच राहिला, असे घडले असेल तर. प्रणालीच्याच फाइली बिघडल्या असतील तर एल, आर, वरचा बाण आणि ए ही बटणे एकत्र धरून चालू केल्यास अद्यतनाची सुरक्षित अवस्था उघडते, आणि ताजा लूमा असताना तिच्यामुळे कस्टम फर्मवेअर पुसले जात नाही. आणि ‘करंट प्रोसेस’पुढे एखाद्या खेळाचेच नाव असेल, तर लूमाच्या फोल्डरातील त्या खेळाचे पॅच आणि प्लगइन आधी बाहेर काढून पाहा.

तुमच्या बहिणीची शंका मात्र मी झटकून टाकणार नाही. तिचा ‘हॅक’ हा शब्द दुखरा असला तरी त्यामागे एक साधा प्रश्न आहे: माझ्या मुलाच्या हाती काय आहे, हे मला कोणी सांगितले का? तुम्ही सांगितले नव्हते, असे पत्रावरून दिसते. तिला सांगा की विकत घेतलेल्या खेळांसाठी आणि प्रदेशाचे कुलूप काढण्यासाठी हे बसवले होते, आणि फुकट मिळवलेले खेळ त्यात असतील तर ते स्वतःहून काढून टाका. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली घातलेले ६५ अ हे कलम हक्कभंगाच्या हेतूने असे संरक्षण तोडण्याला शिक्षा सांगते, त्यामुळे बारा वर्षांच्या मुलाच्या आईने हा प्रश्न विचारणे अवाजवी नाही.

आणि भाचा. ‘आपोआप गेले’ असे त्याला सांगण्याचा विचार तुम्ही करता आहात, कारण त्याला कन्सोल चालू स्थितीत मिळाला की तो खूश होईल असे तुम्ही धरून चालला आहात. बारा वर्षांच्या मुलासाठी यंत्र गौण असते. त्यात त्याने दोन वर्षे रोज थोडे थोडे करून जे रचले ते त्याचे असते, आणि ते कसे गेले याचा तो तुमच्याहून बारकाईने तपास करील. बॅटरी बदलल्यावर साठवलेले खेळ जात नाहीत हे त्याला शाळेतला एखादा मित्र दोन दिवसांत सांगेल. तेव्हा आधी फोन करा, चवथीपर्यंत थांबू नका. थीम घालताना वीज गेली, कार्ड बिघडले, मी घाबरून बॅटरीचे नाव सांगितले, खेळ वाचण्याची बरीच शक्यता आहे पण खात्री नाही: एवढे चार तुकडे सांगितले की पुरे. तो एक-दोन दिवस रुसेल. रुसू द्या.

वरच्या पायऱ्यांपैकी कार्डाची प्रत काढणे तेवढे आजच करा, कारण ते थांबू शकत नाही. बाकीचे चवथीला मूळ घरी त्याच्याबरोबर बसून करता आले तर करा. माटोळी, म्हणजे गणपतीवरचे फळापानांचे छत, बांधून झाली, आरत्या आटोपल्या की दुपारी मोठी माणसे आडवी होतात. तेवढा वेळ ‘निन्टेन्डो थ्रीडीएस’ फोल्डरच्या नावाचा प्रयोग आणि ‘९८’चा फोल्डर शोधणे याला पुष्कळ होतो. फोल्डरांची नावे त्याला वाचू द्या, कोणत्या बदलानंतर काय झाले ते वहीत त्याला लिहू द्या, बटणे त्याला धरू द्या. कार्डाची तपासणी रात्रभर चालते, म्हणून ती घरी आधीच उरकून घ्या आणि एक तपासलेले जादा कार्ड जवळ ठेवा. नवा अडॅप्टर आणि कार्ड रीडर विसरू नका, आणि या वेळी डेस्कटॉपऐवजी कोणाचा तरी लॅपटॉप मागून न्या. त्याची बॅटरी पूर्ण भरलेली असू द्या, कारण चवथीच्या पावसात मूळ घरची वीज केव्हा जाईल ते सांगता येत नाही.